नागपूरच्या रस्त्यांवर पकड देणारा टायर: मोटरसायकलचा स्पोर्ट टायर निवडायचा कसा

नागपुरात टायर बदलायचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेलाच असतो: ‘भाऊ, सगळ्यात नरम जो भेटते तो टाक, पकड मस्त राहते.’ पुण्यात किंवा कोकणात घाट उतरणाऱ्याला हा सल्ला लागू पडेलही. आपल्याकडे वर्धा रोड सरळ, अमरावती रोड सरळ, कामठी रोडही सरळ आणि शहरात जिकडेतिकडे सिमेंट. इथे गाडी घसरते ती ओल्या गुळगुळीत सिमेंटवर, चौकात सांडलेल्या चुरीवर, डिसेंबरच्या सकाळी गार टायरवर आणि उन्हात वाळून कडक झालेल्या जुन्या रबरावर. चुरीपुढे कुठल्याच टायरचं चालत नाही; बाकी तीन ठिकाणी जो टायर साथ देतो तो घ्यायचा. तो बहुतेक वेळा दुकानातला सगळ्यात नरम टायर नसतो.

पुढचं सगळं १५० ते ४०० सीसीच्या रस्त्यावरच्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय: पल्सर एनएस, अपाचे, आर१५, ड्यूक, डॉमिनार वगैरे.

आधी जुना टायर वाचा

दुकानात जाण्याआधी गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर घ्या. स्टँड नसेल तर कोणाला तरी धरायला लावा आणि मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. नागपूरकराचा टायर बहुधा मधोमध चपटा झालेला असतो, आणि खांद्यांवर, म्हणजे दोन्ही कडांलगतच्या उतारावर, कारखान्यातून आलेले रबराचे बारीक केस कधीकधी तसेच उभे असतात. मधल्या पट्ट्यावरून खांद्याकडे जाताना बोटांना एक धार लागते. हीच धार रामटेकच्या गडावर चढताना जाणवते. गाडी झुकवायला सुरुवात केली की आधी ती वळायला नाही म्हणते, आणि धारेवर आली की एकदम पडल्यासारखी आत जाते. त्याला लोक ‘टायरची पकड गेली’ म्हणतात, पण रबर ठीक असतं, गेलेला असतो तो आकार.

टायर असा झिजत असेल तर तुम्हाला मधे टिकाऊ आणि खांद्यावर नरम रबर असलेला, म्हणजे दुहेरी कंपाउंडचा टायर हवा. खांदेही मधल्याइतकेच झिजले असतील, तर तुम्ही महिन्यातून एकदा तरी छिंदवाडा मार्गाने तामिया-पचमढीकडे पळणाऱ्यांपैकी आहात. मग थोडा नरम टायर परवडेल. पुढच्या टायरवर उंचवटे-खळगे पडले असतील तर नवा टायर घेण्याआधी सस्पेन्शन आणि हवा तपासून घ्या, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल.

आता टायरच्या बाजूवर कोरलेलं वाचा. समजा लिहिलंय १५०/६० आर १७ ६६ एच. १५० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे रुंदीच्या ६० टक्के उंची, म्हणजे ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. ६६ हा वजनाचा अंक आहे. त्याचा अर्थ तो टायर ३०० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. वेगाची अक्षरं क्रमाने अशी: पी १५०, आर १७०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. वजनाचा अंक आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलंय त्याच्या खाली कधीच जायचं नाही. वर गेल्याने मात्र पकड वाढत नाही. ‘समृद्धीवर पळवायची आहे’ म्हणून डब्ल्यू रेटिंग मागणारे भेटतात. त्यांना सांगायला हवं की ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही.

माप: रुंद टायरचा मोह

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एनएस २०० ला मागे १३०/७०-१७ येतो, तिथे १४०/७० बसवायची फार हौस. हिशोब करून पाहा. १३०/७० ची उंची ९१ मिलिमीटर, १४०/७० ची ९८. चाकाचा व्यास १४ मिलिमीटरने, म्हणजे साधारण सव्वादोन टक्क्यांनी वाढतो. गाडी मागून ७ मिलिमीटर उचलली जाते, पिकअप किंचित मरतो आणि स्पीडोमीटरचं गणितही सरकू शकतं. उलट आर१५ ला मागे १४०/७० आर १७ आहे; त्याजागी १५०/६० टाकला तर व्यास १६ मिलिमीटरने घटतो आणि गाडी मागून ८ मिलिमीटर बसते. टायर रुंद दिसतो खरा, पण गाडी वळायला आळशी होते.

त्याहून मोठी गोष्ट रिमची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग वर फुगतो. म्हणजे सरळ चालताना जमिनीला टेकणारा पट्टा रुंद होण्याऐवजी अरुंद होतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना तोच पट्टा तर कामाचा असतो. रिमवर तिची रुंदी इंचात कोरलेली असते, आणि प्रत्येक टायर कंपनी कोणत्या रिमला कोणतं माप चालतं ते छापते. ते जुळत असेल तरच एक पायरी वर जा. माझं मत विचाराल तर जाऊच नका. कंपनीच्या मापातच चांगलं रबर घ्या. फरक तिथे दिसतो, रुंदीत नाही.

रेडियल की साधा

साध्या म्हणजे बायस टायरमध्ये आतले धागे एकमेकांवर तिरपे असतात. टायर दणकट होतो, पण चालताना धागे एकमेकांवर घासून उष्णता जास्त तयार होते. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा असतो. उष्णता कमी, वेगात स्थिरता जास्त आणि जमिनीला टेकलेला भाग एकसारखा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, भर दुपारी वर्ध्याला जाऊन येणाऱ्याला हा फरक लागू पडतो.

पुढे बायस आणि मागे रेडियल चालतो. आर१५ कंपनीतूनच तशी येते. पुढे रेडियल आणि मागे बायस मात्र टाळा. गाडीच्या पुस्तकात कंपनीने दिलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि शक्य असेल तर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. पुढचा-मागचा आकार एकमेकांना धरून बनवलेला असतो.

रबर: उन्हाळा फुकटात काय देतो आणि काय घेतो

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक, ते दबून रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं. दोन, ते पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतं. पाण्याचा पापुद्रा मधे आला की चिकटणं जवळपास संपतं आणि शिरण्यावरच भिस्त राहते. त्यासाठी रबर गार असतानाही लवचिक राहायला हवं. हे काम रबरात मिसळलेलं सिलिका करतं. नुसत्या कार्बन ब्लॅकवर, म्हणजे काजळीसारख्या काळ्या भुकटीवर बेतलेलं रबर कोरड्यात उत्तम चालतं, पण ओल्यात आणि थंडीत सिलिकाचं रबर पुढे जातं.

नागपूरचा हिशोब यावर मांडा. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ तर दर उन्हाळ्याचा पाहुणा. अशा दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. म्हणजे टायर गरम करायची कटकट नाही. पार्किंगमधून निघतानाच तो तयार. मग सगळ्यात नरम रबराला दाखवायला काय उरतं? उरते फक्त झीज. तापलेल्या सिमेंटची खरड नरम रबराला डांबरापेक्षा लवकर खाते.

सिमेंट रोडची दुसरी बाजू पावसात दिसते. नव्या रोडवर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्या टायरला चावा देतात. काही वर्षांनी वाहतुकीने घासून त्या नेमक्या चौकाच्या अलीकडे गुळगुळीत होतात, म्हणजे जिथे सगळे ब्रेक मारतात तिथेच. त्यावर ऑइल सांडलेलं, आणि वर मृगाची पहिली सर. पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सगळ्यात धोक्याचा. नंतर रस्ता धुऊन निघतो. या अर्ध्या तासासाठी टायर निवडायचा. थंडीतही तेच. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांखाली उतरतं, आणि रविवारी पहाटे खिंडसीकडे निघणाऱ्या टोळक्यांचे टायर पहिले काही किलोमीटर गारच असतात.

चुरी, गिट्टी आणि रस्त्याकडेच्या गट्टूंवर मात्र कुठलंच रबर जादू करत नाही. तिथे फक्त वेग कमी करणं चालतं.

टायरांची तुलना: तीन फळ्या

बाजारातले टायर मी मनात तीन फळ्यांवर लावतो.

पहिल्या फळीवर रोजच्या वापराचे, थोडे खेळकर टायर. एमआरएफचे रेव्झ, मिशेलिनचा पायलट स्ट्रीट २, सिएटची झूम मालिका. सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना आपल्या बुटीबोरीत आहे, एवढ्यासाठीही काही जण तो घेतात. हरकत नाही, पण बुटीबोरीचा माल असो की मदुराईचा, तारीख मात्र बघून घ्या. ऑफिस-कॉलेज आणि महिन्याकाठी एखादी रामटेक फेरी असेल तर ही फळी पुरते. १६० सीसीच्या गाडीला याच्या वर जायची गरज क्वचितच पडते.

दुसऱ्या फळीवर स्पोर्ट-टूरिंग आणि रस्त्यासाठीचे चांगले रेडियल. अपोलो अल्फा एच१, युरोग्रिपची प्रोटॉर्क मालिका, मिशेलिन रोड ५. रोड ५ हा अपाचे आरआर ३१० वर २०२० पासून कंपनीतूनच येऊ लागला, त्यामुळे त्याचं नाव इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ओल्यावरची पकड, गार असतानाची पकड आणि टिकाऊपणा या तिन्हीचा मेळ इथे बसतो. २०० ते ४०० सीसीच्या नागपूरकराला मी डोळे मिटून ही फळी सांगेन.

तिसऱ्या फळीवर मेट्झेलर स्पोर्टेक एम९ आरआर, पिरेली डायब्लो रोसो ४ यांच्यासारखे खरे स्पोर्ट टायर. हे ओल्यावरही चांगले चालतात, वाईट म्हणायला जागा नाही. पण यांचं गुणगान ज्या झुकावावर होतं तो झुकाव आपल्या रस्त्यांवर कुठून आणणार? सिल्लेवानीच्या घाटात किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढताना थोडीफार मजा येईल, बाकी वर्षभर मधला पट्टा सिमेंटला अर्पण. ट्रॅकवर जायचं असेल तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट किंवा चेन्नई-कोइमतूर गाठावं लागतं. जे खरंच जातात त्यांनी जरूर घ्यावेत. यातला एक बारकावा लक्षात ठेवा: जाहिरातीत दुहेरी-तिहेरी कंपाउंड लिहिलेलं असतं, पण ते अनेकदा मोठ्या मापांत असतं आणि १४०-१५० च्या मापात त्याच नावाचा टायर एकाच रबराचा निघू शकतो. तुमच्या मापात काय आहे ते विचारून घ्या. शिवाय २०२० मध्ये सरकारने टायर आयातीवर निर्बंध आणल्यापासून परदेशी टायर हवा त्या मापात, हवा तेव्हा मिळेलच असं नाही. पुढचा मिळाला आणि मागचा नाही, असं व्हायला नको. जोडी हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका.

दोन टायरांत अडलात तर भाव किलोमीटरवर उतरवा. समजा, एक जोडी ९,००० रुपयांची आणि १८,००० किलोमीटर चालणारी. दुसरी १६,००० रुपयांची आणि १०,००० चालणारी. पहिली किलोमीटरला ५० पैसे, दुसरी १ रुपया ६० पैसे. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे स्वतःचे टाका. तिप्पट पैसे देऊन मिळणारी जास्तीची पकड तुम्ही कुठे वापरणार, त्या रस्त्याचं नाव घ्या. नाव सुचलं नाही तर पहिली जोडी घ्या.

दुसऱ्यांचे अनुभव वाचताना तो माणूस कुठल्या गावचा, कुठली गाडी आणि कुठला महिना, हे आधी पाहा. बेंगळुरूच्या हवेत १५,००० चाललेला टायर वर्धा रोडच्या सिमेंटवर तेवढाच चालेल असं समजू नका.

दुकानात

टायर हातात आला की बाजूवरच्या लंबगोल चौकटीतले शेवटचे चार आकडे शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटून पाहा. हे पाहू लागलात की काउंटरवरून आवाज येतो, ‘काय पाहून राहिले भाऊ, नवाच माल आहे.’ शांतपणे पाहतच राहा. वर्षाच्या आतला असेल तर उत्तम, दीडपर्यंत चालेल, दोन वर्षांपुढचा नको, सवलत कितीही देवो. कारण टायर कुठे पडून होता ते आपल्याला कळत नाही. पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेलं रबर न चालताच म्हातारं होतं. विजेच्या मोटारी किंवा वेल्डिंगजवळ ठेवलेल्या टायरला ओझोन वायू खातो, आणि बाजूवर केसासारख्या भेगा पडतात. टायर किंचित वाकवून त्या दिसतात का पाहा.

नखाने दाबून नरमपणा जोखणारे खूप आहेत. मे महिन्यात दुकानातला प्रत्येक टायर नरमच लागेल आणि जानेवारीत प्रत्येक कडक. दोन टायर एकाच जागी, एकाच वेळी शेजारी ठेवून दाबले तर काहीतरी कळतं, एरवी नाही.

आयएसआयचा शिक्का हवाच, परदेशी टायरवरही. मूळ पावती घ्या आणि तिच्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा वाद झाला तर तोच कामी येतो.

चढवताना समोर उभे राहा

अलॉय रिम असेल तर मशीनवरच चढवायचा. लीव्हरने ओढाताण केली की रिमची कड ओरखडते आणि टायरची आतली कड दुखावते. मग रोज थोडी थोडी हवा जात राहते आणि कारण सापडत नाही. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. काही टायरवर पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा बाण असतो, तो नीट वाचून घ्या. रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर आणायचा; तिथे टायर सगळ्यात हलका असतो. व्हॉल्व्ह नवा टाकायला सांगा, किरकोळ खर्च आहे.

कडेला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावतात. ग्रीस नको, टायर रिमवर फिरतो. हवा भरताना दोनदा ‘टप्’ असा आवाज येतो, एकेका बाजूची कड बसल्याचा. मग टायरवरची रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून बघा. कुठे आत दबली असेल तर हवा काढून पुन्हा. शेवटी बॅलन्सिंग. ‘एवढ्याशा गाडीला काय गरज’ असं ऐकाल. पुढच्या चाकाला तरी कराच. ८० च्या पुढे हँडल थरथरलं की पैसे वाचवल्याचा पश्चात्ताप होतो.

नवा टायर पहिले १५०-२०० किलोमीटर गुळगुळीत असतो. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश आणि वरची चकाकी जाईपर्यंत जोरात ब्रेक, जोरात थ्रॉटल नाही. झुकाव हळूहळू वाढवत न्या, म्हणजे खांदेही घासले जातील. यासाठी फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सची सकाळची चक्कर बरी पडते, वर्धा रोड नाही. सरळ रस्त्यावर २०० किलोमीटर काढलेत तरी खांदे कोरेच राहतील. सँडपेपरने घासणं, रॉकेलने पुसणं असले उपाय करू नका. आणि चकाकणारं टायर पॉलिश जमिनीला टेकणाऱ्या भागावर कधीही नको.

हवा

पकडीवर जेवढा खर्च करता त्याच्या तुलनेत हवेकडे कोणी पाहत नाही. किती हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आकडे गार टायरचे असतात, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना, सावलीत, सकाळी.

तापमान साधारण ५-६ अंशांनी बदललं की हवा सुमारे १ पीएसआयने बदलते. जानेवारीत पहाटे १२ अंशांवर २९ पीएसआय भरलेला टायर न चालता ४२ अंशांत ३३-३४ दाखवेल. म्हणून नागपुरात ऋतू बदलला की हवा जुळवावीच लागते: मार्चच्या सुरुवातीला एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा नक्की, मधे दर पंधरा दिवसांनी तपासणी. एप्रिल-मेमध्ये पंपावर तापलेल्या टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढू नका; रात्री टायर गार झाला की तो कमी हवेवर येतो, आणि दुसऱ्या दिवशी कमी हवेचा टायर आणखी तापतो. उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची पद्धतही यामुळेच चुकीची. पंपावरच्या मशीनचा भरवसा नसतो, स्वतःचं गेज घ्या. नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

कधी काढायचा

खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. बाजूवर टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) लिहिलेलं किंवा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत शोधा. झीज त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आपल्याकडे खांद्यांवर नक्षी शाबूत असल्याने लोक फसतात. मोजायचं ते मधोमध. पाऊस तोंडावर असेल तर थोडं आधीच काढा, मेअखेरीला. जूनमध्ये नवा टायर घासून तयार असायला हवा.

नक्षी उरलेली असूनही पाच वर्षं झाली असतील, बाजूला भेगा असतील किंवा ओल्यात मागचं चाक पूर्वीपेक्षा लवकर सुटत असेल तरीही काढा. मधल्या भागातलं पंक्चर स्ट्रिप, म्हणजे भोकात भरायची रबरी पट्टी, टाकून भागतं. खांद्यावरचं किंवा बाजूवरचं नाही, पंक्चरवाला कितीही ‘होऊन जाते ना भाऊ’ म्हणो. स्ट्रिप टाकलेल्या टायरवर वेग आवरता ठेवा, आणि एकाच टायरमध्ये दोन-तीन जवळजवळ आल्या की तो बदला.

मागचा टायर पुढच्यापेक्षा आधी संपतो, त्यामुळे दोन मागच्यांत एक पुढचा असा हिशोब बरेच जण करतात. झिजेच्या दृष्टीने तो बरोबर असला तरी पुढच्याची तारीख तपासा. ब्रेकचा मोठा भार पुढच्यावर येतो, आणि कमी झिजलेला म्हणून ठेवलेला पुढचा टायर वयाने मागच्याच्या दुप्पट असू शकतो.